भिंतीमागचे वीस फूट

ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं पितळी वजन. भिंत सरळ आहे की झुकली आहे, हे ते कुणाची भीडभाड न ठेवता सांगतं. मिस्त्रीला सगळी वस्ती ओळंबाच म्हणायची आणि त्याला त्याचा राग नव्हता, उलट मनातून बरंच वाटायचं. काम सोडून आठ वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते, तरी सकाळी फिरायला निघताना खिशात एक वेळ रुमाल नसला तरी चालेल, ओळंबा हवाच. वाटेत कुणाची पायरी, कुणाचं कुंपण, कुणाची नवी भिंत दिसली की हा थांबणार, एक डोळा मिटून पाहणार आणि कुणी विचारलेलं नसताना मत देणार. एका घरमालकाला तर त्यानं विचारलं होतं, ही भिंत बांधून घेतली की शिवून घेतली? तेव्हापासून तो घरमालक ओळंबा लांबून येताना दिसला की गेटाच्या आत जायचा.

असा हा कडक माणूस एका भिंतीपुढे मात्र कधी ओळंबा काढत नसे. ती त्याच्या ताईच्या घरामागची भिंत होती, आणि त्यानंच बांधलेली होती.

ताईचं घर उतारावर होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मागचा चढ कापून त्यानं तिला एक जादा खोली काढून दिली आणि कापलेला चढ खोलीवर येऊ नये म्हणून संरक्षक भिंत घातली. बत्तीस फूट लांब, साडेसहा फूट उंच, दगडी. खोली आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम पाच फुटांचा बोळ. भिंतीच्या माथ्याला लागून वरच्या शेजाऱ्याचं अंगण. मागचं पाणी बाहेर यावं म्हणून पायथ्याशी ओळीनं नऊ नळ्या बसवलेल्या. डावीकडच्या तीन नळ्यांखाली पाण्याचे काळपट ओघळ होते आणि उजवीकडच्या सहा नळ्या इतक्या कोऱ्या, की आजच आणून बसवल्यात असं वाटावं. पाहुणे उजव्या बाजूचं कौतुक करायचे. ओळंबा ते ऐकून घ्यायचा आणि विषय बदलायचा.

आणि ज्या खोलीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती खोली ताईनं कधी वापरलीच नाही. पहिले आठ दिवस तिचा पलंग तिथे होता. मग तो पुढच्या खोलीत गेला तो गेलाच. मागच्या खोलीत ट्रंका, पाय मोडलेली खुर्ची, जुनं शिलाई मशीन आणि कुणाच्या तरी लग्नातल्या सतरंज्या. का म्हणून विचारलं तर ती एकदा म्हणाली उजेड कमी आहे, एकदा म्हणाली ओल येते, एकदा म्हणाली तिथे एकटं वाटतं. उजेडासाठी त्यानं मुद्दाम मोठी खिडकी काढली होती. धाकट्या भावानं एवढी हौसेनं बांधलेली खोली हिनं अडगळीला दिली, हे त्याला लागलं होतं, आणि अठ्ठावीस वर्षांत ते दुखणं जुनं झालं तरी गेलं नव्हतं.

त्या वर्षी भाचा बायकोला घेऊन कायमचा घरी राहायला आला. तिला दिवस गेले होते. मागची खोली आम्हाला द्या, असं दोघांचं म्हणणं. ताई म्हणाली, नाही. पुढची घ्या, माझी घ्या, मी स्वयंपाकघरात झोपते, पण मागची नाही. कारण विचारलं की पुन्हा तेच, उजेड आणि ओल. भाचा वैतागला. मायलेकांत चार दिवस अबोला झाला आणि पाचव्या दिवशी ताईनं धाकट्या भावाला न्यायनिवाड्याला बोलावलं. "तूच सांग याला," ती म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

ओळंब्याला वाटलं, आता तर ही माझ्या कामालाच नावं ठेवते आहे. त्यानं छातीवर हात ठेवला आणि भाच्याला सांगितलं, "खोली मी स्वतः बांधली आहे. खुशाल झोपा." ताई उठून आत गेली. तिसऱ्या दिवशी मोडकी खुर्ची सोडून बाकी खोली रिकामी झाली, सुनेनं खिडकीला पिवळा पडदा लावला आणि कोपऱ्यात पाळण्याच्या लाकडी पट्ट्या येऊन पडल्या.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. घोळ झाला तो वरच्या शेजाऱ्यामुळे, तो दातांचा डॉक्टर होता.

डॉक्टरनं नवी गाडी घेतली होती. रस्त्यावर ठेवली तर ओरखडे पडतात, म्हणून त्यानं अंगणात भिंतीलगत फरशी घातली आणि वर पत्रा टाकायचं ठरवलं. माणूस सरळ होता, परवानगी काढायला बांधकाम कार्यालयात गेला. तिथे खिडकीतल्या कारकुनानं नकाशावर बोट ठेवून विचारलं, ही खालची भिंत कुणाची? हिची परवानगी कुठे आहे? परवानगी नव्हतीच. चार फुटांच्या वरच्या संरक्षक भिंतीला परवानगी लागते, तेव्हाही लागत होती, आणि चार फूट मोजायचे तेही जमिनीपासून नाही, पायाच्या तळापासून. भिंतीच्या डोक्यावर गाडी उभी राहणार असेल तर मग उंची कितीही असो, इंजिनिअरची सही हवी. ओळंबा तरुणपणी म्हणायचा, ज्याला काम येत नाही त्यानं कागद करावा. त्या बोलण्यावर तेव्हा सगळे हसले होते.

कारकुनानं डॉक्टरला मार्ग सांगितला. भिंत जुनी आहे, बांधणारा हयात आहे, त्याचा लेखी जबाब आणा. मग इंजिनिअर येऊन पाहतील, भिंत ठीक असेल तर नोंद करून घेऊ. डॉक्टर खुशीत जबाबाचा कागद घेऊन ओळंब्याकडे आला. त्यात बारा रकाने होते. लांबी, उंची, रुंदी, पायाची खोली, दगडाचा प्रकार. ओळंब्यानं चष्मा लावून दहा रकाने झरझर भरले. अकराव्यात विचारलं होतं, भिंतीमागे कसला भराव आहे आणि पाण्याच्या निचऱ्याची काय सोय आहे. तिथे त्याचं पेन थांबलं. शाई संपली, असं तो डॉक्टरला म्हणाला आणि कागद ठेवून घेतला.

शाई भरपूर होती. भिंतीमागे काय आहे हे आजवर फक्त त्यालाच माहीत आहे, असं तो समजत होता.

भिंत नुसती रचून भागत नाही. तिच्या पाठीमागे निदान फूट-दीड फूट दगडगोटे आणि खडी भरायची असते. वरून मुरलेलं पाणी त्या दगडांतून खाली उतरतं आणि नळ्यांवाटे बाहेर पडतं. तिथे चिकण माती भरली तर ती पाणी पिते, फुगते आणि भिंतीला पुढे लोटते. हे कालच्या पोराला माहीत असतं, ओळंब्याला तर होतंच. डाव्या टोकापासून त्यानं सुरुवात केली होती आणि बारा फूट अगदी नेटकं भरलं होतं, हातानं निवडलेले दगड, मोठे खाली, बारीक वर. तो शनिवार होता. सोमवारी त्याला शाळेच्या इमारतीचं काम सुरू करायचं होतं. आयुष्यातलं पहिलं मोठं काम, हाताखाली तीस माणसं, आणि सोमवारी हजर नसता तर ते दुसऱ्याला गेलं असतं. उरलेल्या वीस फुटांना अजून तीन दिवस लागले असते. चढ कापताना निघालेल्या चिकण मातीचा ढीग वर आयता पडला होता. त्यानं गड्यांना सुट्टी दिली आणि फावडं घेऊन एकट्यानंच तो ढीग भिंतीमागे लोटला. संध्याकाळी चारपर्यंत सगळं भरून सपाट झालं होतं. सहा नळ्या जागच्या जागी होत्या, फक्त त्यांच्यामागे पाण्याला वाट नव्हती.

शाळेचं झालं की येऊन उघडू आणि नीट करू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. शाळेला चौदा महिने लागले, मग दवाखाना आला, मग गोदाम. दर पावसाळ्यात तो ताईकडे काहीतरी निमित्त काढून जायचा आणि बोळातून भिंत पाहून यायचा. भिंत उभी होती. पाच-सात वर्षांनी निमित्त काढणं बंद झालं. माणूस स्वतःची समजूत किती छान काढू शकतो, याचा तो चालता-बोलता नमुना होता. पण अकरावा रकाना समोर आला आणि त्या रिकाम्या चौकोनात त्याला सुनेनं लावलेला पिवळा पडदा दिसायला लागला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पाहणीच्या सकाळी वरच्या अंगणात सगळे जमले. इंजिनिअर बाई तिशीची असेल, पायांत चिखलानं माखलेले बूट, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिनं टेपनं लांबी-उंची मोजली, बोळात उतरून नळ्या पाहिल्या, वहीत काहीतरी टिपलं. डॉक्टर मागोमाग होता. डावीकडचे काळे ओघळ दाखवून तो काळजीनं म्हणाला की एवढा भाग जरा खराब दिसतो, बाकी भिंत स्वच्छ आहे. बाईनं तेही वहीत टिपलं. मग तिनं पिशवी चाचपली. तिचा ओळंबा ऑफिसात राहिला होता.

"मामांकडे असतोच की," भाचा म्हणाला.

ओळंब्यानं खिशात हात घातला. पितळ अंगाच्या उबेनं गरम झालं होतं. या भिंतीला स्वतःचा ओळंबा लागताना त्यानं अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. डाव्या बाजूला तो वरपासून खालपर्यंत सरळ उतरला. उजव्या बाजूला भिंतीला पोट सुटलं होतं. बाईनं पट्टी लावून आकडा वाचला, दीड इंच. एवढं पोट त्याला दुसऱ्या कुणाच्या भिंतीला दिसलं असतं तर त्यानं चार दिवस त्यावर भाषण दिलं असतं.

सगळे पुन्हा वर आले. बाईनं कागद काढला. "मिस्त्री, अकरावा रकाना कोरा आहे."

"राहिला," तो म्हणाला.

"तोंडी सांगा, मी लिहून घेते. दगडी भिंत एवढ्या वर्षांत थोडी बसते. मागे दगडांचा भराव असेल तर दीड इंचाची मला फार काळजी नाही. नुसती माती असेल तर मात्र ती आत्ता पडली नाही एवढंच म्हणायचं. त्यात वर गाडी येणार." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "एक खड्डा घेऊन बघावं लागेल. नियम आहे."

डॉक्टरनं लगेच डाव्या टोकाची फुलझाडांची जागा दाखवली. तिथे मोकळी माती होती. उजवीकडे त्याची पंधरा दिवसांपूर्वीची नवी फरशी होती. बाई म्हणाली, चालेल, भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच असेल तर कुठेही खणलं तरी तेच दिसणार. आणि तिनं ओळंब्याकडे वळून सरळ विचारलं, "सारखीच आहे ना?"

त्याला फक्त मान हलवायची होती. डावीकडे खणलं असतं तर त्याचे हातानं निवडलेले दगड निघाले असते, मोठे खाली, बारीक वर, आणि त्या दगडांची तिनं वाहवाच केली असती. डॉक्टरची गाडी वर आली असती, भाच्याचा पाळणा खाली लागला असता, ओळंबा ओळंबाच राहिला असता. त्यानं खाली पाहिलं. बोळापलीकडे खिडकीचा पिवळा पडदा होता. मागच्या दारात ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती, आणि न्यायनिवाड्याच्या दिवसासारखीच त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "तिकडे खणू नका. तिकडे सगळं बरोबरच सापडेल. फरशी काढा आणि तिच्याखाली खणा."

डॉक्टरला वाटलं म्हातारा आपली थट्टा करतो आहे. पण ओळंबा फरशीकडेच बघत होता. भाच्यानं पहार आणली. पहिला घाव ओळंब्यानं घातला, मग गुडघ्यानं साथ सोडली आणि पुढचं भाच्यानं खणलं. पाऊस थांबून चार महिने झाले होते, तरी तीन फुटांवर माती ओली लागली, फावड्याला चिकटणारी, करडी. एक दगड निघाला नाही. साडेपाच फुटांवर नळीचं तोंड सापडलं, मातीनं गच्च बुजलेलं. बाईनं त्यात काडी खुपसून पाहिली आणि काडी मोडली.

"हे तुम्हीच भरलंत?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटली.

"मीच. बारा फूट दगड, पुढे वीस फूट माती. लिहा. सोमवारी शाळेचं काम सुरू करायचं होतं, हेही लिहा."

"त्याला रकाना नाही," ती म्हणाली आणि बाकीचं लिहून घेतलं.

मग तिनं एकेक सांगितलं. भिंतीपासून दहा फुटांच्या आत गाडी आणायची नाही. मागची खोली आजच रिकामी करायची. उजवीकडचे वीस फूट उतरवायचे, पण एकदम नाही, आधी वरची माती पायऱ्या-पायऱ्यांनी मागे घ्यायची, नाहीतर उतरवणाऱ्यांच्याच अंगावर येईल. मग नकाशा, परवानगी आणि नवी भिंत. भाच्यानं डोकं चालवलं. एकाच उंच भिंतीऐवजी सव्वातीन फुटांच्या दोन भिंती, एकीच्या मागे एक, म्हणजे परवानगीची भानगडच नको. बाई म्हणाली, ही युक्ती तिला महिन्यातून तीनदा ऐकायला मिळते. दोन भिंतींमध्ये खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर असेल तरच त्या दोन धरतात. त्याहून जवळ असतील तर वरचीचा भार खालचीवर येतो आणि कार्यालय दोन्ही मिळून एकच मोजतं. इथे सहा-सात फूट मागे सरायचं तर डॉक्टरच्या अंगणात जावं लागेल.

डॉक्टर थोडा वेळ खड्ड्यात बघत उभा राहिला. दातांचंही असंच असतं, तो म्हणाला, वरून जो पांढराशुभ्र असतो तोच आतून किडलेला निघतो. मग त्यानं स्वतः जाऊन गाडी रस्त्यावर नेली.

ओळंबा खाली आला तेव्हा ताई मागच्या खोलीत पडदा उतरवत होती. भाचा आणि सून पलंग पुढे नेत होते. ते गेल्यावर तो मोडक्या खुर्चीवर जपून बसला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागला. शाळा, सोमवार, मातीचा ढीग. ताईनं पडद्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"दगड बारा फुटांपर्यंतच होते," ती मध्येच म्हणाली. "शनिवार होता. मी चहा घेऊन वर आले तेव्हा तू पाठमोरा होतास आणि माती लोटत होतास. गड्यांना घालवून दिलं होतंस, तेव्हाच मला कळलं. मी चहा दगडावर ठेवला आणि निघून आले."

त्याला तो चहा आठवला. गार झाला होता. ताई घाईत असेल, असं वाटून तो तसाच प्यायला होता.

"म्हणून पलंग हलवलास?"

"मग काय उजेडासाठी? एवढी मोठी खिडकी काढलीस."

त्यानं विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"पहिल्या वर्षी वाटलं, तू सांगशील. दुसऱ्या वर्षीही वाटलं. मग तू ओळंबा झालास. लोक तुझ्या शब्दावर भिंती पाडायला लागले. म्हटलं, माझी एक खोली गेली तर गेली, याचं नाव राहू दे." ती पलंगाच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. "पण बाळाची गोष्ट वेगळी. त्या दिवशी तुला बोलावलं ते न्यायाला नाही रे. म्हटलं, आता तरी बोलेल. तर तू म्हणालास, खुशाल झोपा. मला तुझा राग आला, धाकट्या. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता."

"मग पोराला का नाही सांगितलंस?"

"आज सांगणारच होते. तू मान हलवली असतीस तर ट्रे खाली ठेवून वर येणार होते. पाऊल उचललंही होतं."

ओळंब्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. आपण हिचं अठ्ठावीस वर्षं मनात धरलं आणि हिनं आपलं अठ्ठावीस वर्षं झाकलं, एवढाच हिशेब त्याला पुन्हा पुन्हा दिसत होता. ताईनं चहा परत गरम करून आणला.

परवानगीला सहा आठवडे लागले. ओळंबा जन्मात पहिल्यांदा त्या खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिला. कारकुनानं अर्ज दोनदा परत केला, एकदा गटाराचं अंतर दाखवलं नव्हतं म्हणून आणि एकदा ताईची सही चौकटीच्या बाहेर गेली म्हणून. दोन्ही वेळा तो निमूटपणे घरी येऊन पुन्हा गेला. डॉक्टरनं संमतीचा कागद न मागता दिला आणि माती मागे घ्यायला उरलेली फरशीही काढू दिली.

भिंत उतरवायला सुरुवात झाली तेव्हा वस्तीतले लोक बघायला यायचे. शिवलेल्या भिंतीचा घरमालकही आला. बोळाच्या तोंडाशी उभा राहिला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ पाहिलं. ओळंब्यानं त्याला बसायला स्टूल दिलं. घरमालक बसला नाही, पण त्या दिवसानंतर तो गेटाच्या आतही गेला नाही.

काम एका तरुण मिस्त्रीला दिलं होतं. इंजिनिअर बाई तीनदा येणार होती, पायात काँक्रीट ओतण्याआधी, मागचा भराव टाकण्याआधी आणि सगळ्यात शेवटी. ओळंबा रोज खुर्ची टाकून बसायचा. बोलायचा कमी. पाया खोल गेला, सळया बांधल्या, भिंत उभी राहिली. मग तिच्या पाठीशी तळाला भोकांची नळी, त्यावर फूटभर रुंद खडी आणि माती आत शिरू नये म्हणून खडीभोवती गाळणीचं कापड. खडी घमेल्यानं टाकावी लागत होती आणि काम रेंगाळत होतं. शनिवारी दुपारी तरुण मिस्त्रीनं घाम पुसत विचारलं, "काका, थोडंच राहिलंय. वर माती पडली आहे, लोटून देऊ का? सोमवारी मला दुसरीकडे जायचंय."

ओळंबा खुर्चीतून उठला. त्यानं त्या मुलाकडे नीट पाहिलं. तो वाईट नव्हता, त्याला फक्त घाई होती. ओळंब्यानं त्याला बोळात नेलं, जुन्या भिंतीच्या कोऱ्या नळ्या काढून कोपऱ्यात ठेवल्या होत्या त्या दाखवल्या आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. त्याला आता ते सांगायची सवय झाली होती. तरुण मिस्त्री सोमवारी आला, मंगळवारीही आला. बाईनं खडीत हात घालून पाहिलं आणि सही केली.

सुनेला मुलगी झाली. त्यानंतर बारा दिवसांनी पावसाची झड लागली, चार दिवस उघाड नाही. चौथ्या दिवशी दुपारी ओळंबा छत्री घेऊन ताईकडे गेला. पुढच्या खोलीत भाचा पाळण्याशेजारी बसला होता, जागा नसल्यानं गुडघे पोटाशी घेऊन. तक्रारीच्या सुरात म्हणाला, आई अजून मागे जाऊ देत नाही. परवानगी आहे, इंजिनिअरची सही आहे, आता हिला कुणाची सही हवी?

ओळंबा बोळात गेला. सगळ्या नळ्यांतून पाणी वाहत होतं. नव्या नळ्यांखाली भिंतीला आत्ताच मातकट ओघळ पडले होते, आणि इतकं कुरूप काहीतरी पाहून त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तो वळला तर खिडकीतून त्याला ताईचा पलंग दिसला. मागच्या भिंतीला टेकवून लावलेला. ताई त्यावर गाढ झोपली होती, भिंतीकडे पाठ करून, चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर. पाऊस लागल्यापासून ती चारही दिवस तिथेच झोपत होती, हे भाच्यानं त्याला मागाहून सांगितलं.

त्यानं स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, दोन कप भरले आणि मागच्या खोलीत येऊन मोडक्या खुर्चीवर बसला. तिला उठवलं नाही. ती अर्ध्या तासानं जागी झाली. चष्मा लावून तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, आणि कप उचलला. चहा पार गार झाला होता. तिनं तो तसाच प्यायला.

"किती वाहतायत?" तिनं विचारलं.

"नऊच्या नऊ."

"मग सांग त्याला," ती पलंगावरून उतरत म्हणाली, "पाळणा इकडे आण म्हणावं."